सां आणि सॅं

सर, तुम्हाला फ्रेंच येत नव्हतं. तुमच्या तोंडावर हे कुणी म्हणालं नाही, म्हणून मी आता म्हणते. दोन वर्षं एका फ्रेंच मालवाहू जहाजाच्या भांडारात काढलीत आणि मुलुंडला सोसायटीच्या तळमजल्यावर पाटी लावलीत, परदेशी जाणाऱ्या नर्सेससाठी फ्रेंच. अल्जीरियात नर्सेस घेतात अशी तेव्हा हवा होती. ड्यूटी संपवून आम्ही अकराजणी यायचो, पायांत गोळे आलेले, आणि तुम्ही खुर्चीत रेलून, नाक चिमटीत धरून सांगायचात, "सर्दी झाल्यासारखं बोला. झालं फ्रेंच!" तोंड उघडा, खोका, मूठ आवळा, श्वास रोखा, पेशंटला सांगायचं सगळं पट्टी आपटत घोकून घेतलंत. नाकातले तीन-चार निराळे आवाज तुमच्या तोंडून मात्र एकच होऊन पडायचे. मी एकदा विचारलं, "सर, रक्तालाही सॅं आणि स्तनालाही सॅंच?" तुम्ही वर्गाकडे बघून हसलात. "बाई, हा मालवणचा मासळीबाजार नाही. नाक घरी ठेवून येत जा." माझी आई खंय-थंय म्हणायची ते नाकातूनच, आणि तुमच्यापेक्षा स्वच्छ.

मी तेव्हा अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका नर्सिंग होममध्ये. एक दिवस मादागास्करची एक बाई विमानातून उतरवून आणली. तिशीची, एकटी, तापाने फणफणलेली. मलेरियाचा संशय. डॉक्टर म्हणाले, "तुला येतं ना गं फ्रेंच? रक्त घ्यायचंय, सांग तिला." मी ऐटीत पुढे होते, हातात सुई, आणि तुमचं सॅं उच्चारते. ती माझ्याकडे बघते, सुईकडे बघते, दोन्ही हातांनी छाती घट्ट झाकते आणि किंचाळत पलंगावरून खाली उडी मारते. कपाळ लोखंडी स्टूलवर आपटलं.

"काय बोललीस तू तिला?" डॉक्टर ओरडले.

तीच मला शिकवते मग, जमिनीवर बसून, रडत. कपाळाचं रक्त बोटावर घेऊन माझ्यासमोर धरते, तोंड मोठं उघडून म्हणते, "सां." मग छातीवर हात ठेवून, ओठ फाकवून, "सॅं." मी म्हटलं, "सां." तिने दंड पुढे केला. कपाळाला दोन टाके पडले. मलेरियाच निघाला, पाचव्या दिवशी ती बरी होऊन गेली.

पुढच्या आठवड्यात मी मुलुंडला आले ती तुमची लाज काढायलाच. नवीन मुली बसलेल्या. आमच्यातल्याच कुणीतरी तुमच्या कानावर अर्धीमुर्धी गोष्ट घातलेली. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उठलात. "ही माझी विद्यार्थिनी! फ्रेंच पेशंट एकटीने सांभाळला हिने. सांग गं, उपयोग झाला ना?"

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. हे पत्र टाकायचं कुठे, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. कारण मी म्हणाले, "हो सर, खूप." मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मला बरं वाटलं.