पाठीवरचा शिक्का

अण्णा, काल आपल्या ग्रंथालयातली उर्दूची कपाटं रिकामी झाली. रिकामी करणारी मीच, म्हणून तुम्हाला सांगायचं कामही माझंच.

तुम्ही इथले बाईंडर आणि मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नवीनच लागलेली, ते दिवस आठवतात. कंधार-नायगावकडच्या निजामकाळातल्या शाळांतून ही पुस्तकं टेम्पोनं आली होती, वाळवीनं चाळण झालेली. मागच्या खोलीत तुम्ही वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घालून चिकटवायची खळ शिजवायचात. सागवानी कपाटांना तो वास अजून आहे. मी मोठ्या तोऱ्यात शिक्के मारत बसले होते. तुम्ही एक पुस्तक उचललंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "बाई, येवढी शिकलीस न् पुस्तकाचं तोंड कंचं, पाठ कंची, कळंना व्हय? उर्दू हाय ती, उजवीकडून उघडती. पाठीवर शिक्के मारून राहिलीस!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फणकाऱ्यानं म्हणाले, "वाचतंय कोण ते?" निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्या वाचतो न्हं. तू बी शीक. रोज सांजच्याला अर्धा घंटा बस माझ्याजवळ." मी एकदाही बसले नाही. बाईंडरकडून काय शिकायचं, असं वाटायचं मला. हे आज लिहितानाही तोंड कडू होतं.

आता मी इथली ग्रंथपाल आहे. जुनी पुस्तकं काढून टाकायला समिती आली. त्यांची अट साधी होती: आठ दिवसांत नावं वाचून यादी द्या, यादीत येतील तेवढी ठेवू. नांदेडात उर्दू वाचणारे काय कमी आहेत? हाक मारली असती तर चार जण धावून आले असते. पण मला वाचता येत नाही हे सांगायची लाज आडवी आली. आठ दिवस गेले आणि कोऱ्या यादीवर मी सही केली.

'रद्द'चे शिक्के मारताना एक पुस्तक हाती आलं. त्यात माझा तेव्हाचा चुकलेला शिक्का, आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं तुमच्या अक्षरातली एक ओळ, उर्दूत. ते पान फाडून, घडी करून पर्समध्ये ठेवलंय. नाक्यावरचा चहावालासुद्धा वाचून देईल, पण मी अजून कुणाला दाखवलं नाही. तुम्ही तर आता नाही, म्हणून हे पत्रही त्याच घडीत ठेवते.

आणि एक सांगायचं राहिलं, अण्णा. कालचे सगळे शिक्केही मी पाठीवरच मारले.