आख्यानातून गाळलेला उरीया

इंदापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९३६

प्रभूमध्ये प्रिय भगिनी द्वारकाबाई यांस सावळारामाचा सलाम.

इकडे सर्व ठीक. खुशाली तुमच्या लेकाने, रावजीने सांगितली. माझे गुडघे आता उपासनेतसुद्धा टेकत नाहीत. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला आहे, तरी अजून ती माझ्यापेक्षा बरी गाते.

रावजी कालव्याच्या पाटावरच्या नोकरीतून रजा काढून काल आला. तुमचा निरोप पोचला : ‘रतन आमच्या घरात द्या, होय की नाही ते लेखी कळवा.’ रतनची आई सरू म्हणते, होय लिहा आणि मोकळे व्हा. मी सकाळपासून तीन कागद फाडले. पहिल्यात लिहिलं, मुलगी लहान आहे. सतरा पुरी झाली, लहान कसली! दुसऱ्यात रावजीच्या फिरतीच्या नोकरीला नाव ठेवलं, तिसऱ्यात माझ्या तब्येतीचं रडगाणं गायलं. सगळ्या लंगड्या सबबी. मुलगा लाखात एक आहे, आणि रतनच्या मनात काय आहे ते कालच्या आमटीत दोनदा पडलेल्या मिठावरून घरादाराला कळलं.

त्यापेक्षा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कापणीच्या सणाला बारामतीत मी दावीद राजाचं कीर्तन केलं, तेव्हा शेवटी तुम्ही बायकांतून उठून विचारलंत, “तात्या, दावीदाचं समदं सांगितलंत, मग उरीया कुठं गेला?” लोक हसले. वेळ झाला म्हणून मी चिपळ्या उचलल्या आणि शेवटचं गीत घेतलं.

वेळ झाला नव्हता. मेंढरं राखणारा पोरगा, त्याची गोफण, गल्याथ, शौल राजाने फेकलेला भाला, हेब्रोनातली सात वर्षं, मग यरुशलेमची गादी, इथवर मी सगळं रंगवून सांगतो. तिथून उडी मारतो ती थेट अबशालोमाच्या मरणावर. राजा लेकासाठी रडतो, बाया डोळ्यांना पदर लावतात, आणि मधला खड्डा कुणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी तो भागही सांगत असे, चांगला ठसक्यात. राजाने आपल्या शिपायाची बायको घेतली. पाप झाकायला त्या शिपायाला, उरीयाला, लढाईच्या ऐन तोंडावर उभं करण्याचा हुकूम लिहिला, आणि ती चिठ्ठी उरीयाच्याच हाती सेनापतीकडे धाडली. त्या इमानी माणसाने ती वाटेत उघडली नाही.

गेली सतरा वर्षं एवढंच मी गाळतो.

बाई, परक्याच्या बायकोकडे मी कधी डोळा वर करून पाहिलं नाही. पण तशी चिठ्ठी मीही लिहिली आहे.

सन एकोणीसच्या जानेवारीत कळंबला पटकीची साथ आली आणि तिथला मास्तर गाव सोडून पळाला. बारामतीहून मिशनच्या साहेबांचा कागद आला : सावळाराम मास्तरांनी जावं, शाळा सांभाळावी, आजाऱ्यांना औषधपाणी करावं. सरूचे दिवस भरले होते. मी भ्यालो. सरूसाठी भ्यालो असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो, पण खरं म्हणजे मी माझ्या जिवाला भ्यालो. साहेबांना उलट लिहिलं की माझी प्रकृती बरी नाही, भिमा मास्तर धट्टाकट्टा आहे, निर्भय आहे, त्यास पाठवावं. तुमचा आणि भिमाचा रावजी तेव्हा दोन वर्षांचा होता. ते मी लिहिलं नाही.

भिमा दुसऱ्या दिवशी शाळेच्या पाट्या आणायला बारामतीला निघाला होता. लाख लावून ती चिठ्ठी मी त्याच्याच हातात दिली. त्याने पटक्यात खोवली आणि म्हणाला, “तात्या, काय लिवलंय एवढं?” मी म्हणालो, “शाळंचंच हाय.”

साहेबांनी त्याला तिथूनच कळंबला धाडलं. तो तुम्हाला सांगायलासुद्धा घरी आला नाही. नवव्या दिवशी गेला. त्याच आठवड्यात माझी रतन जन्मली.

त्याच्या कबरेवर मी बोललो, ‘बंधू भिमा आपणहून त्या गावी गेला.’ लोकांनी वाहवा केली. पण तुमचं त्या दिवसाचं बोलणं मी विसरलेलो नाही. “आपणहून गेला? लेकराचा इचार न्हाई केला, माझा न्हाई केला. लई मोठा साधू!” तेव्हापासून तुम्ही त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. दावीदाला तोंडावर बोलणारा नाथान संदेष्टा वर्षाच्या आत भेटला. मला कुणी भेटला नाही, म्हणून सतरा वर्षं मी मेलेल्या मित्रावर तुमचा राग राहू दिला. आख्यानाच्या अखेरीस म्हातारा राजा कितीही पांघरुणं घातली तरी कुडकुडत असतो. ते आता मला सांगावं लागत नाही, अंगातच आहे. थकलो, बाई.

रतन द्यायला माझी ना नाही. पण ती माझी मुलगी आहे हे माहीत असून तिला सून करून घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. तिला यातलं काही ठाऊक नाही.

एवढं लिहून पाकीट बंद करणार तोच रावजी आत आला. दुपारच्या मोटारीने परत जायचं आहे. म्हणाला, “द्या पत्र, मीच नेतो.” मी म्हणालो, “आधी वाच.”

त्याने उभ्याउभ्याच वाचलं. मग खाली बसला आणि पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता उठून जाईल, सलामसुद्धा करणार नाही. पण त्याने विचारलं, “म्हंजी बा आमाला टाकून गेला न्हवता?”

मी म्हणालो, “न्हाई रे.”

त्याने डोळे पुसले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. रतनचं नाव काढलं नाही, मला शिवीही दिली नाही. म्हणाला, “माझ्या आयला बारीक अक्षर दिसत न्हाई. तेवढं खाली मोठ्या अक्षरात लिवा.”

म्हणून लिहितो.

भिमा तुम्हाला टाकून गेला नव्हता.

त्याला मी पाठवला.

सावळाराम