आकाशातलं सोनं आणि सणसवाडीचा माळ

आबा,

तुमच्यावर चिडायला मला एवढा उशीर झाला, याचाच मला जास्त राग आहे. तुम्ही होतात तेव्हा चिडायची सोय नव्हती, आणि तुमच्यामागे लोक म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. आता मी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली बाई आहे, दौंडला एकटी राहते, आणि मला कोणाची भीड उरलेली नाही.

माझ्या लग्नाआधीचा तो दिवस. शिरूरला सोनाराच्या दुकानात तुम्ही मला शेजारी बसवलं आहे, पाटल्यांचा जोड माझ्या हातात चढतो आहे, आणि तुम्ही म्हणता, "पोरी, हा तुझा वाटा. जमिनीला पाऊस लागतो, राखण लागती, भावकीशी भांडाय लागतं. सोन्याला काय बी लागत न्हाई. पडून ऱ्हातं आन् वाढतं." मी कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजीत निबंध लिहिणारी मुलगी. मला ते इतकं पटलं की पुढे नोकरीभर गुरुपुष्याला पगारातून सोन्याची वेढणी घेत राहिले. ऑफिसातल्या बायका प्लॉट घ्यायच्या तेव्हा मी त्यांना तुमचं वाक्य ऐकवायचे. मुलीला माळावर हिस्सा द्यायचा नाही, हे तुम्ही त्या वाक्यात म्हणालाच नाहीत. पाटल्या दाखवल्यात आणि गप्प बसलात.

परवा दादाने गावी बोलावलं. सणसवाडीच्या आपल्या माळाला कंपनीचं गिऱ्हाईक आलं आहे. तुमच्यामागे सातबाऱ्यावर माझंही नाव लागलेलं, म्हणून हक्कसोडपत्रावर माझी सही हवी. म्हणजे माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडला, असं मीच लिहून द्यायचं. जेवणं झाली. दादाचा मुलगा पेपरची पुरवणी वाचत पडला होता. "आत्या, तुझ्या पाटल्या विकून टाक आता," तो म्हणाला. "आकाशात दगड फिरतायत, लघुग्रह. त्यात सोनं हाय म्हणं. एकावर यान बी उतरलं. उद्या तिथं खाणी निघाल्या की तुझ्या सोन्याला कोण इचारतंय?" मी म्हटलं, ते सोनं इथे येईपर्यंत मी नसेन. त्यावर दादा हसला. "यायला कशाला पायजे? कांद्याचं बघ की. भायेरचा कांदा येणार एवढी आवई उठली तरी बाजार बसतो. माल आजून बोटीतच असतो."

"आणि जमीन?" मी विचारलं.

"जमीन कशी बसंल? ती काय वरनं येती व्हय?" असं म्हणत त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "तुझा वाटा आबांनी सोन्यात दिलाय. बराबरी झालीया. कर सही."

आबा, जमीन बसत नाही आणि सोन्यात बरोबरी झाली, या दोन वाक्यांच्या मध्ये तो पाणीसुद्धा प्यायला नाही. मी पाटल्या काढल्या आणि कागदावर ठेवल्या. म्हटलं, "बरोबरी झाली ना? मग हे तू घे आणि माळ मला दे."

"आसं कुठं असतं का, बाय?"

"का नसतं?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिने स्वतः माहेरचा हिस्सा एका लुगड्यावर सही देऊन सोडलेला आहे. "सारखंच हाय म्हणताय तर घ्या की बदलून." भाच्याने पेपर तोंडापुढे धरला. पाटल्यांना कोणी हात लावला नाही. मी त्या पुन्हा हातात चढवल्या, कागद तिथेच ठेवला आणि एसटीने परत आले.

शाळेत सिस्टर सांगायच्या, धन स्वर्गात साठवा. मला ते भाबडं वाटायचं. आता तिथेही सोनंच आहे म्हणतात. त्या दगडांवर माझा राग नाही, उद्या त्यांनी पोत्याने सोनं आणलं तरी. सोनं आणखीही कुठे सापडू शकतं, हे मला म्हातारपणी पेपरातून कळलं. जमीन पुन्हा सापडत नाही, हे मात्र तुम्हाला तेव्हाही पक्कं माहीत होतं. नाहीतर पाटल्या तुम्ही दादाच्या हातात घातल्या असत्या.

काल त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "घे तुझा हिस्सा. पर कुठल्या अंगाचा घेतीस ते सांग. रस्त्याकडचा का वढ्याकडचा?" मी ताठ आवाजात म्हटलं, विचार करून कळवते.

हे पत्र टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या माळाला ओढा आहे हे मला काल कळलं. बांध दाखवायला तुम्ही दादाला न्यायचात, आणि मला सांगायचात, तू अभ्यास कर. मी मन लावून करायचे.