डाव्या बाजूची धूळ

आई,

बाबांचं ऑफिसातलं कपाट रिकामं करून द्यायला चाललेय. दुपारपर्यंत येईन. जेवण झाकून ठेवलंय, ते खा. बाबा गेल्यापासून तू नुसत्या चहावर आहेस.

त्यांच्या घरातल्या टेबलावरचं अंतराळयानाचं मॉडेल आता पुसू नकोस. ती धूळ नव्हती. कोरं यान खोटं दिसतं म्हणून रंग दिल्यावर त्यांनी चार महिने बसून बारीक ब्रशने त्याच्यावर काजळी आणि गंज चढवला होता. ते पक्कं करणारा स्प्रे तेवढा मारायचा राहिला, म्हणून काल तुझ्या ओल्या फडक्याने डावी बाजू लख्ख झाली. लोक भेटायला येणार म्हणून पुसलंस, ठाऊक आहे मला. मी चिडलेले नाही. फक्त ब्रश घेऊन बसू नकोस, मलाही ते जमणार नाही.

दिव्यांचं बटण खाली शेपटीजवळ आहे. खिडक्या उजळतात, बघावंसं वाटलं तर बघ.

डावी बाजू भिंतीकडे फिरवली होतीस, ती मी परत पुढे केलीय. राहू दे तशीच. त्या टेबलाशी आता कोणी बसणार नाही. धूळ आपोआप बसेल.