न चढलेली मोहरी

ठाणे, माघ मास, शके १८१८

प्रिय कलावती,

तुझ्या नावाने आलेली फेसलेल्या मोहरीची बरणी पोचली. संक्रांतीपासून तुझ्या हातचे एक अक्षर पाहिलेले नाही, तेव्हा निदान तुझ्या हातची चव तरी मिळाली म्हणून हरखून मी ती उघडली. स्पष्टच लिहिते, ही मोहरी नव्हे. रंग ठीक, आंबेहळदीचा वासही आहे. परंतु बोटभर जिभेवर ठेवून, डोळे मिटून वाट पाहिली, तरी नाकात काहीच चढले नाही. मागे उरला तो नुसता कडवटपणा. माझ्या शाळेतील एखाद्या मुलीने असे काम पुढे केले असते, तर मी ते तिच्याच हाती परत दिले असते.

दोष कोठे आहे हेही तत्काळ कळले. मोहरी गरम पाण्यात वाटली आहे. गाठीच्या तापाच्या, या प्लेगच्या भयाने सध्या ठाण्यात काय नि तुमच्या कल्याणात काय, घरोघर पाणी उकळतात, ते योग्यच. परंतु उकळलेले पाणी पुरते निवू द्यावे, मगच मोहरीला लावावे. कढत पाणी पडले की तिचा झणका तेथेच मरतो, मग पाट्यावर कितीही फेसा, ती उठत नाही. आधी थंड पाणी, मग फेसणे, मग घट्ट झाकण. आणि झणका चढल्यावरच लिंबू, मीठ, आंबेहळद. हा क्रम मी तुला शिकवीत नाही. तो तूच मला शिकविलास. आईच्या पाट्याशी तू बसायचीस, मी पुस्तक घेऊन दूर. मग वाटी हळूच माझ्या नाकाखाली धरायचीस, आणि मी ठसकले की म्हणायचीस, “अक्का, तुझं व्याकरण नाही गं नाकात चढत, हे बघ कसं चढतं!” मला संताप येई, पण तुझ्या मोहरीत दोष काढण्याची संधी तू मला एकदाही दिली नाहीस, आणि दोष काढण्यात मी मागे राहणारी नव्हे.

म्हणूनच ही बरणी समोर ठेवून मी सकाळपासून बसले आहे. ती घेऊन आलेल्या तुमच्या गड्याला, नाथाला मी विचारले, तुमच्या वहिनी कशा आहेत? “बऱ्या हायेत की बाई, सोताच्या हातानं वाटलीय त्यांनी.” तू वाटताना पाहिलेस का, असे मी त्याला म्हटले. तो पागोटे सारखे करीत राहिला आणि म्हणाला, “म्हातारीनं तसंच सांग म्हणून सांगितलंय.” पाणीसुद्धा न पिता गेला. माझ्या दोन पत्रांना महिपतरावांनी उत्तरे धाडली, दोहोंत एकच वाक्य, “सौ. कामात आहे.” समासातही मजकूर कोंबणारी माझी बहीण इतकी कामात कधी होती?

कोणी तापले की तपासणीवाले उचलून इस्पितळात नेतील म्हणून माणसाला आतल्या खोलीत लपवितात, आणि शेजाऱ्यांना सारे कुशल सांगतात, हे मी येथेही पाहते आहे. तुझ्या सासरचे तसे करीत असतील तर मी त्यांना मूर्ख म्हणेन. आणि माझा तर्क चुकला, तर आयुष्यात प्रथमच चुकल्याचा आनंद मानीन.

बोलावण्यावाचून तुमचा उंबरठा मी कधी ओलांडला नाही, याचा मला अभिमान होता. हे पत्र मात्र टपालात टाकणार नाही. उद्या पहिल्या गाडीने मीच घेऊन येते. तुझ्या सासूबाई ठमाबाई म्हणतील, ती निजली आहे, द्या इकडे, आम्ही देऊ. मी सांगेन, पत्र ज्याचे त्याच्याच हाती द्यावयाचे असते, आणि दारातून हलणार नाही. आत येण्यास निमित्त हवे होते. एवढ्यासाठीच हे लिहिले. तुला हात पुढे करवत नसेल तर उशाशी ठेवीन. वाचवत नसेल तर मी वाचीन. आणि ऐकू जात नसले, तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन.

तुझीच,
मंदाकिनी अक्का