साठ पोस्टरांवरची एम.ए.

५ मे
‘ॲडहिअर’ हा शब्द आला कुठून? मला माहीत नाही. क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, तरी नाही! प्रवेशाच्या अर्जावर छापलंय — मी नियमांना ‘ॲडहिअर’ करीन. मयुरीनं हात वर केला. “म्याडम, म्हंजे चिकटणं ना? मंग नियमाले माणूस कसा चिकटते?” अख्खी बॅच हसली. “उद्या सांगते,” म्हणाले. घरातली पहिली पदवीधर — आणि उद्या सांगते!

६ मे
सापडलं. लॅटिन आहे. ‘ॲड’ म्हणजे एखाद्या गोष्टीला, ‘हेरेरे’ म्हणजे चिकटणं. आणि गंमत — ‘हेझिटेट’, म्हणजे कचरणं, तेही याच मुळातून आलेलं. मयुरी लगेच, “म्हंजे जो चिकटला तोच अडकला?” हुशार आहे पोरगी. नको तितकी.

९ मे
क्लासचे मालक माणिकराव सर. शिपायाकडून नांदुरा गावभर जाहिरातीची पोस्टरं लावून घेतली, मैद्याच्या साध्या खळीनं. सकाळपर्यंत बकऱ्यांनी खाल्ली! सरांचा फोटो तर मिशीपर्यंत. मग बाबांना बोलावणं. तीस वर्षं भिंतींवर पोस्टरं लावतात बाबा. खळीत निळा, विषारी मोरचूद घालतात. बकरी तोंड लावत नाही.

११ मे
बाबा हसत घरी आले. “सुवर्णा, तुहं नाव भिंतीवर! साठ जागी लावलं म्या. पण एम.ए. कधी झाली वं तू? मले सांगतलं नाही!”
मी बी.ए. आहे.

१२ मे
सरांना विचारलं. “अवो म्याडम, दोन अक्षरानं काय होते? पालक एम.ए. पाहूनच पोरं टाकतात. संस्थेले चिकटून राहा, जूनपासून तुमाले कायम करतो.”
वा! विद्यापीठाला दोन वर्षं लागतात, सरांना एक छापखाना.
मी काय म्हणाले? “विचार करून सांगते.” हेझिटेट. प्रात्यक्षिकासह!

१३ मे
बाबांना खरं सांगितलं. ते खळीचं पातेलं घासत होते. हात थांबला.
“माह्या हातानं खोटं लावलं म्या?”
मग जेवलेच नाहीत.

१४ मे
पहाटे दोघं निघालो. साठच्या साठ ‘एम.ए.’वर ‘बी.ए.’ची पट्टी लावून आलो. सरांचे सात मिस्ड कॉल. शिपाई सांगत होता, सर स्वतः नखानं खरवडून पाहत होते. निघत नाही.
खळ बाबांची. मोरचूद दुप्पट, बकऱ्यांचीही मदत नाही.