खटखटू द्या

बुलढाणा, फेब्रुवारी १९६८

प्रिय अहो,

वर माहेरच्या धाड गावाऐवजी बुलढाणा वाचून दचकू नका, कारण मागाहून सांगते. आधी तुमच्या कारखान्यातल्या पिस्टनचं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या बायकोला नवरा तब्येत विचारतो. तुम्ही मात्र पानभर पिस्टनच लिहिलेत! पण तुमची झोप उडालीय, हे कळलं. पोलादी पट्टीचा पिस्टन तापला तरी फार फुगत नाही, म्हणून घट्ट बसतो, आवाज करत नाही. पण ती पट्टी प्रत्येक साच्यात हातानं ठेवायची, म्हणून तो महाग पडतो आणि माल थोडाच निघतो. साधा पिस्टन स्वस्त, भराभर होणारा. पण त्याला फुगायला फट ठेवावी लागते, म्हणून इंजिन गार असताना खटखटतो. कारखान्याच्या साहेबांना साधा हवाय. आणि तुम्हाला वाटतं, त्यावर सही केली तर आपल्या हातून हलका माल देशभर जाईल.

आता इथलं ऐका. रंगादादाची बाजाराच्या फेऱ्या मारणारी जीप पट्टीवाल्या पिस्टनची वाट बघत दिवाळीपासून अंगणात उभी होती. माल काही येईना. सीटखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. शेवटी त्यानं साधे पिस्टन बसवले. झालं, सकाळी खटखट सुरू झाली की बाजाराच्या बायका उतरून दुसऱ्या जीपमध्ये जायच्या. आपल्याकडे इंजिन मुकंच पाहिजे ना, आवाज आला की जीप म्हातारी! दादानं चिडून मिस्त्रीकडून फट कमी करून घेतली. जीप अशी शांत झाली की आईनं नारळ फोडला. पुढच्याच बाजाराला भर उन्हात इंजिन जाम झालं आणि माणसं टोपल्या डोक्यावर घेऊन पायी घरी आली.

तुमचं पत्र तेव्हाच आलं होतं. ते पान मी दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं लगेच नवे साधे पिस्टन आणले आणि फट पुरती ठेवायला लावली. स्टँडवर सगळे विचारायचे, ही जीप की पिठाची गिरणी? तो म्हणायचा, तापू द्या, गप होते.

परवा पहाटे, सगळ्यांच्या अंदाजाआधीच, माझं पोट दुखायला लागलं. सुईणीनं हात लावून पाहिलं आणि आईला म्हणाली, मूल आडवं आहे, बुलढाण्याला न्या. मी फार घाबरले हो. कडाक्याची थंडी, जीप अशी खटखटली की सगळी आळी जागी झाली. मला मात्र तो आवाज देवासारखा वाटला. ती अजून पट्टीची वाट बघत अंगणात असती, तर हे पत्र लिहायला मी नसते. आपल्याला मुलगी झालीय. दोघी बऱ्या आहोत. दादा तार करणार होता, मीच थांबवलं. एवढं सगळं तारेत कुठलं मावतंय? सही करा. फक्त प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी घाला, सोप्या मराठीत: गार असताना खटखटेल, घाबरून घट्ट बसवू नका. आणि मग लगेच निघून या. लेक सारखी रडतेय. दवाखान्यातल्या बाया कुरकुरतात, पण दादा पाळण्याशी बसून म्हणतो, “खटखट करून राह्यली न, म्हंजे फट बराबर हाय.”

वाट बघणारी, तुमचीच
रुख्मिणी